ओव्याची पानं

बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या दत्तमंदिरामागे, समया घासायच्या नळापासून चार हातांवर, विठाबाईचा ओव्याचा वाफा होता. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. टेप लावला तर एवढाच भरायचा. पण विठाबाई ‘आमच्या ओव्यात’ असं म्हणायची ना, तेव्हा नवख्या माणसाला वाटावं, या बाईची शेती थेट नदीपर्यंत पसरलेली आहे.

आणि तिनं तसं म्हणावं अशीच त्या वाफ्याची कथा होती. खरवईचं त्यांचं जुनं घर इमारतीसाठी पाडलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, कोंडाजीनं, देव्हारा उचलला, मुलानं, विनीतनं, टीव्ही उचलला आणि विठाबाईनं परसातल्या ओव्याची वीतभर फांदी मोडून पदरात गुंडाळली. नवं घर हेंद्रेपाड्यात, चौथ्या मजल्यावर. गॅलरीतल्या कुंडीत ती फांदी पावसाळाभर होती. मेली नाही, पण वाढलीही नाही.

“कुंडीत त्यो जगत नाय,” विठाबाई म्हणाली, “नुसता राहतो. आपल्यासारखा.”

“आपल्याला काय झालंय?” कोंडाजी म्हणाला. “लिफ्ट हाय.”

मग तिनं मंदिरामागची ती पडीक जागा हेरली. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, प्रसादाचे फुटके द्रोण, सगळं आठ दिवस वेचलं. पाणी तुंबलं की ओव्याची मुळं कुजतात, म्हणून उल्हास नदीकाठची दोन गोण्या रेती कोंडाजीला आणायला लावली. उतारवयात हमाली करायला लावते ही बाई, असं कोंडाजी रिक्षावाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगत होता, पण गोणी मात्र दुसऱ्या कुणाला उचलू देत नव्हता. खाली विटांचा चुरा, वर रेती, त्यावर माती आणि निर्माल्याचं खत. त्यात फांदी खोचली. तीन वर्षांत त्या एका फांदीचं रान झालं.

पानं जाड, कडेला बारीक कातरलेली आणि सगळीकडून मऊ लव. तान्ह्या पोराच्या कानाची पाळी जशी बोटांत येते, तसं ते पान हातात यायचं. जरा चोळलं की वास घमघमायचा. खोकला झाला, पोरांच्या छातीत कफ साठला, पोटात गुबारा धरला, की लोक मंदिराला वळसा घालून मागे यायचे. भजी करायला हवीत म्हणूनही यायचे. विठाबाई कुणाला नाही म्हणायची नाही. फक्त तिचे दोन नियम होते. पानं ती स्वतः खुडून देणार, आणि दिवेलागण झाली की झाडाला हात लावायचा नाही. झाडं झोपतात, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि आईचं खोटं निघाल्याचं तिला आठवत नव्हतं.

“आजी, याला ओवा कधी येतो हो?” असं एकदा मीनलनं विचारलं होतं. मीनल म्हणजे मंदिराच्या विश्वस्तांची, विष्णुपंतांची सून.

“येतच नाय. दुकानातला दान्याचा ओवा येगला, ह्यो पानांचा. दोगांचं कूळ येक नाय. वास तेवडा सारका,” विठाबाई म्हणाली होती, आणि मीनलला हे ठाऊक नव्हतं याचा तिला पुढे आठवडाभर आनंद पुरला होता.

त्या वर्षी दत्तजयंतीला जोडून सात दिवसांचं कीर्तन ठेवलं होतं. विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, सरळ रेषेत चालणारे आणि सरळ रेषेत बोलणारे गृहस्थ. कार्यक्रमाची आखणी त्यांनी वहीत पट्टीनं रेघा मारून केली होती. त्यातली एक रेघ विठाबाईच्या वाफ्यावरून गेली.

“विठाबाई,” ते पहिल्या दिवशीच सकाळी मागे येऊन म्हणाले, “महाप्रसादाची रांग यंदा मागून घ्यायची आहे. गेल्या वर्षी इथल्या चिखलात दोघं घसरली. तेव्हा सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकतोय. राजेंद्रला काम दिलंय. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा टेम्पो येईल.”

“सगलीकडं?”

“सगळीकडे. तुमच्यासाठी दोन मोठ्या कुंड्या आणून देतो. छान, रंगीत.”

विठाबाईनं हातातलं खुरपं पदराला पुसलं. कुंडीत तो जगत नाही, नुसता राहतो, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण याचना करायची तिला सवय नव्हती. खरवईची जमीन देतानाही तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता तिच्या त्या जमिनीतलं मातीत रुजलेलं असं जगात एवढंच उरलं होतं, सहा फूट बाय तीन फूट, आणि तेही रंगीत कुंड्यांत भरायचं होतं.

“बरं,” ती म्हणाली.

संध्याकाळी मात्र ती रोजच्यासारखी कीर्तनाला आली. कीर्तन चुकवायचं म्हणजे जेवण चुकवण्यासारखं. तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून तिची जागा ठरलेली. कीर्तनकार आली, आणि मांडवात कुजबुज झाली, कारण कीर्तनकार होती सव्वीस वर्षांची मुलगी. हिमानी तिचं नाव. राहणार अंबरनाथची, औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी, आठवड्याची रजा काढून आलेली. सात दिवस एका कोवळ्या पोरीचा आवाज पुरेल का, असं समितीतल्या चौघांनी विचारलं होतं. पुरेल, मी जबाबदार, असं विष्णुपंतांनी वहीवर बोट आपटून सांगितलं होतं.

पण तिनं नमनाला हात जोडले आणि पहिला सूर लावला, तेव्हा कुजबुजणारे आपोआप मांडी सावरून बसले. काय आवाज तो. देवघरात घंटा वाजून गेल्यावर तिचा नाद जसा भिंतीला रेंगाळत राहतो, तसा तो सूर मांडवात रेंगाळत राहायचा. विषय घेतला होता दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंचा. पृथ्वी, वारा, पाणी, कबूतर, मधमाशी, ज्याच्याकडून जे शिकता आलं त्याला अवधूतानं गुरू मानलं. हिमानीनं एकेका गुरूवर स्वतः ओव्या रचल्या होत्या. सुट्या कागदांवर लिहिलेल्या त्या ओव्या समोर पाटावर ठेवून ती गायची. विठाबाई ऐकताना मान डोलवायची आणि मध्येच शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणायची, “बघ, पोरगी गाते कशी. पान हालत नाय.”

दोन दिवस असे सोन्याचे गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांधकामावर सिमेंटच्या गोण्या उतरवल्या, वारा सुटला, आणि ती सगळी धूळ मांडवात आली. हिमानी त्या धुळीत दोन तास उंच स्वरात गायली. उत्तररंगात तिचा आवाज दोनदा फाटला. आरतीपर्यंत तो गेलाच.

चौथ्या दिवशी दुपारी सगळ्या हेंद्रेपाड्याला कळलं की कीर्तनकारताईंनी मौन धरलंय. डॉक्टरांनी घसा तपासून गोळ्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत अवाक्षर बोलू नका म्हणून बजावलं. ती मंदिराच्या मागच्या खोलीत गळ्याला मफलर गुंडाळून बसली आणि जे हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यायला लागली. पाणी गरम. पंखा बंद. पेटीवाले काका आले का.

विष्णुपंत गाभाऱ्यापासून फाटकापर्यंत येरझारा घालत होते. समितीतले ते चौघं, पंत जवळून गेले की, घड्याळात बघत होते.

साडेपाचला विठाबाई कीर्तनाच्या पूजेचं ताट लावत होती. हार, गुलाल, बुक्क्याची वाटी. तेवढ्यात खोलीतून पंत बाहेर आले. एका हातात फोन, फोनवर राजेंद्र, उद्याच्या टेम्पोची वेळ. दुसऱ्या हातातली चिठ्ठी त्यांनी न बघताच ताटात टाकली. “विठाबाई, हिमानीताईंना काहीतरी हवंय. जरा बघता का?” एवढं बोलून ते फाटकाकडे गेले.

चिठ्ठी पडली ती नेमकी बुक्क्याच्या वाटीत. विठाबाईनं ती दोन बोटांनी उचलली. कागदभर बुक्क्याचे काळे कण. तिनं फुंकर मारली, आणि उरलेले कण अंगठ्यानं पुसून टाकले. वाचायला ती चाळिशीनंतर शिकली होती, आरतीच्या पुस्तकावर बोट ठेवून, आणि अजूनही एकेक अक्षर हाताशी धरूनच वाचायची.

ओ-व्या-ची पा-ने आ-णा. ल-व-क-र.

ती पुन्हा वाचायला लागली. पुन्हा तेच निघालं.

आता तिच्या मनात काय झालं ते कसं सांगावं. उद्या सकाळी ज्या वाफ्यावर दगड पडणार, त्या वाफ्यातली पानं आज खुद्द व्यासपीठावरून मागितली गेली होती. मागणारी कोण, तर औषधांच्या प्रयोगशाळेतली शिकलेली मुलगी. जिला जगातल्या सगळ्या गोळ्या ठाऊक, तिनं शेवटी हाक मारली ती ओव्याला. विठाबाईनं ताट तिथंच ठेवलं आणि ती पळाली. साठी उलटलेली बाई पळते म्हणजे किती पळणार, पण पळाली, कारण सूर्य इमारतींच्या मागे चालला होता आणि दिवेलागणीनंतर तिला झाडाला हात लावता आला नसता.

खालची जून पानं तिनं सोडली. शेंड्याची कोवळीही सोडली. शेंड्यापासून तिसऱ्या पेरावरची, रसानं टपोरलेली पानं एकेक करून देठापाशी नखानं खुडली. धुतली. प्रसादाच्या चुलीवर तवा होता, त्यावर निम्मी पानं हलकेच गरम केली, बाकीची तशीच ठेवली. पितळेच्या ताटलीत दोन्हीकडे दोन राशी लावल्या, आणि मागच्या दारानं नव्हे, पुढून, सभामंडपातून, सगळ्या समितीच्या देखत, ताटली छातीशी धरून ती गेली.

“काय हे?” कुणीतरी विचारलं.

“ओव्याची पानं. मागितल्यात,” ती न थांबता म्हणाली.

खोलीत मीनल होती, पेटीवाले काका होते, आणि फोन संपवून पंतही येऊन उभे होते. विठाबाईनं ताटली आणि ती चिठ्ठी हिमानीसमोर ठेवली. हिमानीनं पानांकडे पाहिलं. विठाबाईकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मौनात हसू आलं की फार कठीण असतं. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं चिठ्ठी ओढून तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पंतांनी ते मोठ्यांदा वाचलं.

“ओव्यांची. पाने. कागदाची.”

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग पेटीवाले काका फिस्सकन हसले. ज्या कागदांवर ओव्या लिहिल्या होत्या ते, हिमानीचा मुक्काम होता त्या मीनलच्या घरी राहिले होते, आणि हिमानीला तेवढेच हवे होते.

“अहो आजी,” मीनल हसू दाबत म्हणाली, “त्यांना पूर्वरंग करायचाय, भजी नाही.”

दाराशी समितीतला एकजण डोकावला होता, त्यानं ती कोटी बाहेर नेली, आणि बाहेरूनही हशा ऐकू आला.

विठाबाईनं चिठ्ठी हातात घेतली. ‘व्या’च्या डोक्यावर, जिथे ठिपका असायला हवा, तिथे शाईचा एक करडा डाग होता. तिच्या अंगठ्याएवढा. बुक्क्याचा कण समजून तिनं अनुस्वारच पुसला होता.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “चुकलं माजं,” ती म्हणाली. “तुमच्या गान्याचे कागद मागितलेले. मी माजा पाला घेऊन आले.” ती वळली आणि दाराकडे निघाली.

मागून झांजा वाजल्या. एकदाच, खणकन. हिमानीला हाक मारता येत नव्हती, म्हणून तिनं झांजा उचलल्या होत्या. विठाबाई थांबली. हिमानीनं मीनलकडे बोट दाखवून कागद आणायची खूण केली, मीनल स्कूटीची किल्ली घेऊन गेली. मग हिमानीनं ताटलीतलं एक पान उचललं, बोटांनी चोळलं, वास घेतला, आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून विठाबाईला डोळ्यांनी विचारलं.

आणि ज्या बाईला आत्ता भूमीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, ती बाई ताठ झाली. कारण हा प्रश्न तिच्या हद्दीतला होता.

“ही भाजलेली हायत ना, ह्यांचा रस. हातानंच पिलायचा. दोन चमचे रस, तेवडाच मध. घोट घोट गिलायचा, येकदम नाय. ह्या कच्च्या पानांची पान्यात वाफ घे. डाक्टरच्या गोल्या बंद करायच्या नाय, त्या पन घे.” ती जरा थांबली. “आनि आईक बाय. मी खोटं बोलनार नाय. ह्यानं तुजा सूर आज परत यायचा नाय. खवखव जाईल, घसा मोकला होईल, येवडंच. तू वर चडू नको. खालीच गा. खालचं पन आमाला आईकू येतं.”

पेटीवाले काकांनी हिमानीकडे पाहिलं. हिमानीनं मान हलवली. काकांनी रोजची काळी पाचची पट्टी सोडून तिच्याखालची पांढरी पाच दाबून दाखवली.

रस विठाबाईनं स्वतःच्या हातानं पिळला. तिची बोटं हिरवी झाली, आणि कीर्तनाला बसली तेव्हाही तिनं ती धुतली नव्हती. त्या दिवशी शेजारी कोंडाजीही येऊन बसला होता. कीर्तनात त्याला झोप लागायची, म्हणून तो सहसा यायचा नाही.

“आईकलं मी,” तो हळूच म्हणाला. “भजी न्येलीस म्हने.”

“गप ऱ्हावा.”

हिमानी उभी राहिली. नमन झालं. आवाज घोगरा होता, जाडसर, पण फाटत नव्हता. रोजची घंटा आज नव्हती, आज कुणीतरी मांडीवर बसवून गोष्ट सांगावी तसा तो आवाज होता. लोक रोजच्यापेक्षा पुढे सरकून बसले, कारण ऐकायला कान द्यावा लागत होता. कागद आले होते, पाटावर होते. पृथ्वीच्या ओव्या तिनं गायल्या. सगळे तिला तुडवतात, खणतात, तरी ती धान्य देते. मग ती थांबली, कागद उलटे घातले, आणि म्हणाली, “अवधूताचे गुरू चोवीस. मला आज पंचविसावा भेटला. त्याला अनुस्वार नाही.”

आणि तिनं सगळं सांगितलं. चिठ्ठी, बुक्का, अंगठा, ताटली. मांडव हसून लोटपोट झाला. विठाबाईनं पदर तोंडावर घेतला. पण ते मघाचं हसणं नव्हतं. या हसण्यात कुणी बाहेर राहिलं नव्हतं. हसू ओसरायच्या आत हिमानीनं चाल धरली, पेटीनं खालचा षड्ज दिला, आणि एक ओवी तिनं तिथंच, उभ्या उभ्या जोडली.

तोडिता डहाळी मातीत पडली,
पडल्या जागी मुळी धरिली,
तोडणारासी पाने दिधली,
रुसल्याविना.

“रुसल्याविना,” टाळकऱ्यांनी उचललं. “रुसल्याविना,” सगळ्या मांडवानं उचललं. विठाबाईला खरवईचं परस दिसलं, तिथली ती मोडलेली वीतभर फांदी दिसली, आणि जमीन देताना जे पाणी डोळ्यांत आलं नव्हतं ते आत्ता आलं. तिनं ते पुसलं नाही. कोंडाजी जागा होता.

पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालून बुक्का लावायची रीत. रोज हा मान पंतांचा. पंत ताट घेऊन उठले, तेव्हा हिमानी त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, “पंत, आज आजींना येऊ द्या.”

विठाबाई उठली. तिसऱ्या रांगेपासून व्यासपीठापर्यंत वाट झाली. हिरव्या बोटानं तिनं बुक्का घेतला आणि पोरीच्या कपाळावर नीट मधोमध ठिपका लावला.

“अनुस्वार लागला,” हिमानी म्हणाली. “आता पुसू नका.”

कीर्तन आटोपलं तसा लोकांचा लोंढा मागच्या अंगाला निघाला. मलाही एक फांदी, आमच्या बाळाला कफ आहे, आमच्या गॅलरीत ऊन येतं, चालेल ना. विठाबाई वाफ्यापुढे हात आडवे करून उभी राहिली.

“दिवेलागन झाली. त्यो झोपला. सकाली या.”

“सकाळी ब्लॉक पडणार आहेत ना?” कुणीतरी म्हणालं.

विठाबाईनं पंतांकडे पाहिलं. तेही गर्दीत होते. त्यांनी वही काखेत मारली आणि ते घरी निघाले.

सकाळी सातला राजेंद्रचा टेम्पो ब्लॉक भरून आला, आणि फाटकातच अडला. मंदिराला अर्धा वळसा घालून रांग लागली होती. हातात कुणाच्या दह्याचा डबा, कुणाची फुटकी बादली, कुणाची प्लास्टिकची पिशवी. उल्हासनगरहून एक सिंधी बाई आली होती, बहिणीनं रात्री फोनवर कीर्तनाची गोष्ट सांगितली म्हणून. रांगेच्या टोकाला विठाबाई पाटावर बसली होती. प्रत्येकाला वीतभर फांदी, खालची पानं काढून, तिरकी कापून. आणि प्रत्येकाला तेच वाक्य. “पानी रोज नाय घालायचं. माती सुकली की मग. अम्मा, पानी कम. कम समजलं ना? शेंडा खुडत ऱ्हावा, म्हंजे पसरतो.”

कोंडाजी रांग सांभाळत होता. “येकाला येकच,” तो दरडावत होता. “घुसायचं नाय. ह्यो काय दूध केंद्र हाय?”

साडेआठला रांग संपली तेव्हा वाफ्यात खुंटं उरली होती. नुसती खुंटं. विठाबाई त्यांच्याकडे बघत बसली. आपणच आपल्या हातानं रान बोडकं केलं, आणि आता यावर दगड टाकायला कुणाच्या जिवावर येणार होतं?

राजेंद्र खिशात हात घालून आला. मागे पंत, वही काखेत.

“काकी, उरलंय काय आता?” राजेंद्र म्हणाला. “टाकून घेऊ ना?”

“पंतांना इचार,” विठाबाई म्हणाली. “मी कुंडीबिंडी घेनार नाय. हितं ऱ्हायला तर ऱ्हायला. नायतर बदलापुरात चालीस घरी लागला माजा ओवा. मला काय कमी हाय?”

हे बोलताना तिची मान जी वर गेली, ती विष्णुपंतांनी पाहिली.

राजेंद्र वाफ्याभोवती फिरला. पायानं जमीन दाबली, नळापाशी दाबली, पुन्हा वाफ्यापाशी दाबली. गवंडीकामात वीस वर्षं घालवलेला माणूस, त्याच्या तळव्याला जमीन कळायची. मग तो खाली बसला आणि वाफ्याच्या कडेला बोट घातलं.

“पंत, एक मिनिट. चिखल कुठं होतो म्हणालात?”

“इथं सगळीकडे.”

“सगळीकडे नाय. नळापाशी होतो आणि पलीकडच्या बाजूला. इकडे वाफ्याच्या बाजूला बघा, कोरडं ठणठणीत. खाली रेती भरलीय हिनं, विटांचा चुरा भरलाय. नळाचं पाणी मुरतंय इथं. हा बुजवला तर सगळं पाणी ब्लॉकवर. ब्लॉकवर शेवाळ. म्हणजे मग दोघं नाय, पन्नास घसरतील.” तो उठला, हात झटकले. “कुणी भरला हा वाफा? काम पक्कं आहे.”

“गोनी मी आनली,” कोंडाजी लगेच म्हणाला.

पंतांनी वही उघडली. मग खिशातून पेन काढलं, पट्टी न घेता, हातानंच, आखलेल्या चौकोनात एक लहान चौकोन काढला. रेघ जराशी वाकडी आली.

“हा सोडून टाका,” ते राजेंद्रला म्हणाले. मग विठाबाईकडे वळले. “विठाबाई, समयांचं पाणीही इकडेच वळवतो. जास्त नाही ना होणार?”

“आठ दिसांनी येकदा चालंल,” विठाबाई म्हणाली. जिंकलेल्या माणसानं अटी मोजून घालायच्या असतात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढचे दोन दिवस कीर्तन खालच्या पट्टीतच झालं. सातव्या दिवशी, जयंतीला, हिमानीनं पाळणा म्हटला तेव्हा सूर थोडा वर गेला आणि तिथे टिकला. समितीतल्या त्या चौघांपैकी एकानं पुढच्या वर्षीसाठी तिचंच नाव सुचवलं. पंत फक्त म्हणाले, बघू.

महाप्रसादाची रांग मागून गेली. कुणी घसरलं नाही. वाफ्याभोवती राजेंद्रनं विटांची कड बांधली होती, आणि खुंटांच्या पेरांवर, अगदी डोळे बारीक करून पाहिलं तर, मुगाच्या डाळीएवढे हिरवे फुटवे दिसत होते. विठाबाई रांगेतल्या प्रत्येकाला डोळे बारीक करायला लावत होती.

दुपारी पंत एक पाटी घेऊन आले. पत्र्याची, पांढऱ्या रंगाची, वर निळी अक्षरं. त्यांनी स्वतः रंगवली होती, अक्षरांना वर-खाली रेघा मारून. त्यांनी ती कडेच्या विटांमध्ये रोवली आणि बाजूला झाले.

विठाबाईनं बोट ठेवून वाचलं.

ओ-व्यां-चा वा-फा. पा-ने वि-चा-रू-न तो-डा-वी-त.

ती थांबली. पुन्हा पहिल्या शब्दावर आली. ठिपका होता. चांगला गोल, निळा, तुळतुळीत.

“पंत,” ती म्हणाली, “अनुस्वार पडला.”

पंतांनी चष्मा वर केला. वाकून पाहिलं. चाळीस वर्षं कारखान्यात एका मिलिमीटरची चूक ज्यांनी खपवून घेतली नाही, त्या माणसाचा चेहरा हळूहळू लाल झाला. “रोज ती ओवी डोक्यात घोळतेय,” ते पुटपुटले. “थांबा, रंग ओला आहे अजून. फडकं द्या.”

त्यांनी हात पुढे केला. विठाबाईनं पदर खोचला आणि पाटीच्या आडवी उभी राहिली.

“ऱ्हावू द्या,” ती म्हणाली. “मागच्या टायमाला मी पुसला, तर काय झालं बघितलंत ना.”